अल्सीद थिबोडो आणि अल्सीद टिबडो हा एकच माणूस असल्याबाबत

दि. ६ मे

प्रति,
मा. श्रीमती लोइस पिंकहॅम,
नगर लिपिक तथा निवडणूक अधिकारी,
नगर कार्यालय, टॅलो कोव्ह,
मेन राज्य.

विषय : धक्का-कारभारी पदासाठी जाहीर झालेले फेरमतदान रद्द होऊन, दोन्ही उमेदवारांची मते एकत्र मोजली जाणेबाबत.

संदर्भ : पोस्टाबाहेरील फलकावर लावलेली आपली सूचना, व तीच सूचना दुकानाबाहेरील फलकावर.

महोदया,

अर्जदार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा समुद्रात पिंजरे टाकून शेवंड धरण्याचा, राहणार याच गावचा, आपणास कार्यालयाच्या खिडकीतून रोज दिसणारा, नम्रपणे लिहितो की आपल्या सूचनेत ज्या दोन उमेदवारांची नावे आहेत ते दोघेही म्हणजे अर्जदार एकटाच आहे. हे त्याने आपल्याला तोंडी तीनदा सांगितले. तिन्ही वेळा आपण म्हणालात की लेखी द्या. मुळात लिहिल्यामुळेच हे सगळे झाले आहे, तरी आपल्या शब्दाला मान देऊन तो पुन्हा एकदा लिहीत आहे.

झाले ते असे. यंदा धक्का-कारभाऱ्याच्या जागेसाठी मुदतीत कोणीच नाव दिले नाही. त्यामुळे मतपत्रिकेवर नावाऐवजी एक मोकळी ओळ छापली गेली. ज्याला जो माणूस हवा, त्याने त्याचे नाव त्या ओळीवर लिहावे. व्हेल दाखवायला पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या मोठ्या नौकेचे मालक श्री. ब्रॅडफर्ड लूमिस यांनी लगेच घरोघरी रंगीत कागद वाटले, की माझे नाव लिहा. त्यांना धक्क्याची आतली बाजू हवी आहे, हे गावात लपलेले नाही. आतल्या बाजूला कोणी होडी बांधायची हे कारभारी ठरवतो. आज तिथे पाच होड्या असतात, आणि त्यांतली एकही होडी किंवा तिचा मालक आता तरुण राहिलेला नाही. बाहेरच्या बाजूची शिडी ओहोटीला तीन पुरुष उंच उघडी पडते आणि तिच्यावर शेवाळ असते. त्यांतल्या एका होडीचा मालक पर्सी बील याचा उजवा गुडघा वाकत नाही. तो त्या शिडीने एकदा खाली जाईल, पण वर येणार नाही.

पर्सी फेब्रुवारीत अर्जदाराकडे आला आणि चुलीपाशी बसून म्हणाला, "तू उभा राहा. नाहीतर मी होडी विकतो आणि लूमिसच्या नौकेवर पिवळा रेनकोट घालून उभा राहतो. तो ओरडेल, 'हा बघा खराखुरा म्हातारा कोळी, फोटो काढून घ्या!' आणि मी दात दाखवीन. आहेत तेवढे."

अर्जदाराने आयुष्यात कशालाही उभे राहायचे मनात आणले नव्हते. पण पर्सी हे हसत म्हणाला नाही, म्हणून तो हो म्हणाला.

त्यानंतर अर्जदाराचे नाव लिहावे अशा दोन सूचना दोन फलकांवर लागल्या. पोस्टाबाहेरची सूचना अर्जदाराची थोरली बहीण झेलिया हिने लिहिली. ती नन्सच्या शाळेत शिकलेली असल्याने तिने आडनाव थिबोडो असे लिहिले, जसे चर्चच्या वहीत आहे. दुकानाबाहेरची सूचना अर्जदाराने स्वतः लिहिली. अर्जदार सहासष्टाव्या वर्षी लिहायला शिकला, गावच्या ग्रंथालयात, मुलांच्या खुर्चीवर बसून. त्याआधी घरातले सगळे लिहिणे-वाचणे त्याची बायको क्लेमांस करीत असे, आणि ती गेल्यावर आलेली पत्रे बरेच दिवस तशीच पडून राहिली होती. त्याने आपले आडनाव कानाला जसे ऐकू येते तसे लिहिले : टिबडो. त्याला ते बरोबरच वाटले. आजही वाटते.

वरच्या रस्त्याची माणसे पोस्टात येतात, खालच्या रस्त्याची दुकानात. मतपत्रिकेवर चूक होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपल्यासमोरच्या फलकावरचे नाव अक्षर न अक्षर उतरवून नेले. कोणीही चुकले नाही. त्यामुळे थिबोडोला सत्तेचाळीस मते पडली, टिबडोलाही सत्तेचाळीस पडली आणि श्री. लूमिस एक्केचाळीस मतांवर तिसरे आले. पहिल्या दोघांत फेरमतदान, असे आपण जाहीर केले.

अर्जदार त्याच दिवशी आपल्या खिडकीशी आला होता. आपण चष्मा काढून म्हणालात, "अल्सीद, मी काय तुम्हाला आज बघते आहे? मला सगळं कळतं हो. पण मोजणी माणसांची नसते, अक्षरांची असते. अक्षरं वेगळी की माणूस वेगळा, नियम तसाच आहे. आणि समजा, उद्या खरोखरच कोणी टिबडो इथे येऊन उभा राहिला, तर मी काय करू?"

अर्जदाराने विचारले, तो कुठून येईल?

आपण म्हणालात, "उन्हाळ्यात इथे कोणीही येतं."

हे मात्र खरे आहे, म्हणून अर्जदार घरी गेला.

मग आपल्या कार्यालयाकडून दोन्ही उमेदवारांना पत्रे निघाली, एकाच पेटीत टाकण्यासाठी. पोस्टातल्या मर्टलबाईंनी थिबोडोचे पत्र अर्जदाराच्या हातात दिले आणि दुसरे काउंटरखाली ठेवले. "हे तुझं नाही. ज्याचं आहे त्याला पाठव, ओळखपत्र घेऊन ये म्हणावं." मर्टलबाई अर्जदाराच्या लग्नात क्लेमांसच्या मागे फुले धरून उभ्या होत्या. त्या थट्टा करीत आहेत असे वाटून अर्जदार थोडा वेळ थांबला. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. त्या पत्रात काय आहे हे अर्जदाराला अजून माहीत नाही. टिबडोने काही उत्तर द्यायचे राहिले असेल, तर त्याबद्दल क्षमा असावी.

गेल्या पंधरवड्यात महिला मंडळाने सभागृहात उमेदवारांची संध्याकाळ ठेवली. मंचावर दोन खुर्च्या आणि दोन पेले पाणी होते. अर्जदार दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मंडळाच्या बाई म्हणाल्या, "दुसरे उमेदवार अजून पोचलेले दिसत नाहीत, आपण सुरुवात करू." वरच्या रस्त्याच्या एका गृहस्थांनी विचारले की धक्क्याच्या आतल्या बाजूबद्दल आपले मत काय. अर्जदाराने सांगितले की ती पाच होड्यांना राहावी. त्यांनी विचारले की दुसऱ्या उमेदवाराचे मत काय. अर्जदाराने सांगितले की तेच.

"मग त्याला सोडून तुम्हाला मत का द्यावं?"

मागून पर्सी ओरडला, "मी त्या दुसऱ्यालाच देणार! निदान तो बडबड तरी करत नाही!" सगळे हसले. अर्जदारही हसला, पण परत जाताना त्याच्या लक्षात आले की काही जण हसले नव्हते. ते वहीत काहीतरी टिपून घेत होते.

आता गावाची स्थिती आपण पाहताच. दोन्ही फलकांवर रोज नवी चिठ्ठी असते. एकीत लिहिले होते की थिबोडो चार बुके शिकलेला आहे, कागदपत्रे त्यालाच जमतील. दुसरीत लिहिले होते की टिबडोच्या अंगाला निदान माशाचा वास तरी येतो. झेलिया रविवारी चर्चमधून बाहेर पडताना चारचौघांत म्हणाली, "आमच्या घराण्यात टिबडो कोणी झाला नाही. कुठला उपरा आहे देव जाणे." अर्जदार तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवीत होता. तो म्हणाला, "झेलिया, अगं मीच तो." ती म्हणाली, "मग तुला लाज वाटायला हवी." भेटवस्तूंच्या दुकानाने दोन नावांचे दोन रंगांचे सदरे छापले आहेत. आतापासून येऊ लागलेले पर्यटक ते विकत घेतात, आणि जोडपी एकेक रंग घालून धक्क्यावर फोटो काढतात. त्यांतल्या एका बाईने अर्जदारालाच थांबवून विचारले, "आजोबा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

इथपर्यंत अर्जदाराने सहन केले असते. गाव हसले तर हसू द्यावे. पण फेरमतदानातही बरोबरी झाली, तर नगर मंडळ आपल्या मर्जीचा माणूस नेमू शकते, असे आपल्याच सूचनेच्या शेवटच्या ओळीत आहे. आणि ती मर्जी कोणावर आहे हे मंडळाचे अध्यक्ष बेकरीत रांगेत उभे असताना मोठ्याने बोलले आहेत. श्री. लूमिस सध्या स्वतःसाठी काही मागत नाहीत. ते वरच्या रस्त्यावर थिबोडोचे गुण सांगतात आणि खालच्या रस्त्यावर टिबडोचे, आणि त्यांची एक्केचाळीस माणसे कोणती बाजू कमी पडते हे पाहून तिकडे मत टाकणार आहेत. अर्जदाराने त्यांना धक्क्यावर गाठून विचारले. ते म्हणाले, "अहो, मी तर दोघांचाही चाहता आहे." आणि त्यांनी हस्तांदोलन केले. ते कोणत्या उमेदवाराशी केले, ते त्यांनाच माहीत.

महोदया, आपण गेल्या सोमवारी एक मार्ग सुचवला, तो आपल्या चांगुलपणाने सुचवला हे अर्जदार जाणतो. एका नावाने माघार घ्यावी, आणि उरलेल्याने प्रतिज्ञापत्र द्यावे की ते दुसरे नाव त्याचे नाही व कधी नव्हते. आपण कागदही काढून ठेवला होता. अर्जदार तो घरी घेऊन आला आणि तीन दिवस टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिला.

टिबडो हे त्याचे नाव नाही असे लिहून दिले, तर त्याची होडी त्याची राहत नाही, कारण राज्याच्या माणसाने परवान्यावर ऐकून तेच नाव लिहिले आहे, आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या खुणेसाठी पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यावर अर्जदाराने तेच डागले आहे. मग तो आपलेच पिंजरे दुसऱ्याचे म्हणून उपसणार, आणि ज्याला समुद्रात जायचा हक्क नाही तो धक्का काय सांभाळणार.

थिबोडो हे त्याचे नाव नाही असे लिहून देणे सोपे पडेल, असे आपण म्हणालात. नुकसान काहीच नाही, म्हणालात. परंतु क्लेमांसच्या थडग्याच्या दगडावर थिबोडो कोरलेले आहे. तो दगड जोडीचा आहे आणि त्याचा डावा अर्धा भाग कोरा ठेवलेला आहे. अर्जदाराने शपथेवर सांगितले की तो थिबोडो नव्हे आणि कधी नव्हता, तर ती तिथे कोणाची वाट पाहत पडली आहे? पर्सीच्या गुडघ्यासाठी अर्जदार पुष्कळ काही करील. हे त्याच्याने होत नाही. त्याने पर्सीला तसे सांगितले. पर्सी म्हणाला, "नको करूस. मी दात घासून ठेवतो." त्यामुळे अर्जदाराला हा अर्ज करणे भाग पडले.

तरी विनंती की सत्तेचाळीस आणि सत्तेचाळीस यांची बेरीज करावी. बेरीज अर्जदाराला लिहायला येण्याच्या कितीतरी आधीपासून येते, आणि ती कशी होते हे तो आपल्यासमोर करून दाखवू शकतो. त्याला कायद्याची हरकत असेल, तर त्या चौऱ्याण्णव मतदारांना कार्यालयात बोलावून अर्जदाराला त्यांच्यासमोर उभे करावे आणि प्रत्येकाला एवढेच विचारावे की तुम्ही नाव लिहिले ते याचेच का. ज्याने नाही म्हटले त्याचे मत सोडून द्यावे. तेही जमत नसेल, तर दोघांनाही नेमावे. दोघे एकाच मानधनात, एकाच किल्लीवर काम करतील. दोघांचे आजवर एकदाही भांडण झालेले नाही. मात्र हे लवकर व्हावे, कारण गेल्या आठवड्यापासून अर्जदाराला त्या दुसऱ्याचा राग येऊ लागला आहे.

या अर्जाखाली सही कशी करावी, हा प्रश्न शेवटी उरला. थिबोडो लिहिले तर टिबडोचा अर्ज आलाच नाही असे होईल, टिबडो लिहिले तर थिबोडोचा. दोन्ही लिहिली, तर दोन माणसे सह्या करून गेली असा पुरावा आपल्या कार्यालयात कायमचा राहील. लिहायला शिकण्यापूर्वी अर्जदार कागदावर एक फुली मारीत असे. लग्नाच्या नोंदीत तीच आहे, घराच्या खरेदीपत्रावर तीच आहे, आपल्या कार्यालयातल्या जुन्या कागदांवरही सापडेल. त्या फुलीत या गावाला कधी दोन माणसे दिसली नाहीत. गेली आठ वर्षे अर्जदाराला तिची गरज पडली नव्हती.

ग्रंथालयातल्या बाईंनी हे पाहिले तर त्यांना वाईट वाटेल. म्हणून एवढी मेहेरबानी करावी, की हा अर्ज कोणत्याही फलकावर लावू नये.

सोबत : काही जोडलेले नाही. जोडण्यासारखा प्रत्येक कागद दोघांपैकी एकाचाच आहे.

आपला, एकट्याच्याच वतीने नम्र,

×

(अर्जदाराची निशाणी)