परिपाठात वाचलेलं नाव

चोपडा,
दि. १८ जुलै २०२५

तीर्थरूप नानांना,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलून काही उपयोग नाही, म्हणून पत्र. परवा मी जीव तोडून सांगत होते आणि तुम्ही पलीकडून, पाऊसपाणी बरं आहे, एवढंच म्हणत राहिलात. ते कानातलं मशीन एकदा दाखवून आणा. इकडे तुमचे जावई आणि नात पुनम खुशाल आहेत. मी खुशाल नाही. माझं डोकं फिरलं आहे.

यंदा आमच्या शाळेने मुलांच्या मनाची विचारपूस करायला एक खोली काढली आणि ती माझ्या गळ्यात घातली, हे मागे लिहिलंच होतं. खेळाच्या सामानाची जुनी खोली, अजून रबरी चेंडूंचा वास येतो. दारावर ‘मनमोकळं’ हे नाव मीच रंगवलं. नववीतला तौसिफ तिथे यायला लागला होता. त्याचा मोठा भाऊ फैज हिवाळ्यात यावल रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून तौसिफला भर वर्गात धाप लागते, हातपाय गार पडतात. सुरुवातीला तो खोलीत नुसता बसायचा. मग एके दिवशी त्याने आपणहून भावाचं नाव घेतलं आणि रडला. घरी आईसमोरही रडला नव्हता.

आता ऐका. आमचे मुख्याध्यापक देसले सर. माणूस कपटी नाही, पण त्यांना सगळं माइकवर लागतं. खोलीत कोण, कशासाठी येतं हे मुख्याध्यापकांना कळवावं लागतं, तसं मी कळवलं होतं. सोमवारी परिपाठात प्रार्थना झाली, सुविचार झाला, वाढदिवसवाल्यांची नावं वाचून टाळ्या झाल्या आणि त्याच दमात सरांनी ‘मनमोकळं’मध्ये येणाऱ्या मुलांची नावं वाचली! बाकीच्यांनीही लाभ घ्यावा म्हणून! वर तौसिफला पुढे बोलावलं, भाऊ गेल्याच्या दुःखातून हा कसा धीराने सावरतोय ते सांगितलं आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी त्याचं नाव ‘मनमोकळ्या’ ठेवलं होतं. कोणी त्याच्यासमोर खोट्या धापा टाकून दाखवत होतं. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत नाही.

मी घरी जाऊन आले. त्याची आई रहिमाबी म्हणाली की शाळेचं नाव काढलं तरी पोराच्या अंगावर काटा येतो. त्याला तुमच्या शिंदखेड्यालाच मामाकडे पाठवलंय, नूर महंमद यांच्या गादीच्या दुकानात. तिथेच राहील, काम शिकेल. नाना, हे पोर असं शाळेतून उठून जाता कामा नये. तुम्ही एकदा जाऊन बघाल का? फक्त बघा. उपदेश करू नका, हात जोडते.

आईच्या गुडघ्यांची काळजी घ्या आणि लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
मोहिनी


शिंदखेडा,
दि. २४ जुलै २०२५

चि. सौ. मोहिनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. कागद गरम लागत होता. लहानपणी पाटी फोडायचीस, आता मुख्याध्यापकांच्या मागे लागलीस. माझी निम्मी हयात त्याच खुर्चीत गेली हे विसरू नकोस.

टाळ्या वाजवल्या हे वाईटच झालं. पण नाव वाचलं यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही. डोळे तपासायला डॉक्टर यायचे तेव्हा चष्मा लागलेल्या पोरांची नावं मीही वाचायचो. कोणी घर सोडून गेलं नाही. मन, मनाची खोली, हे सगळं आम्हाला नवीन. आमच्याकडे पोरगं रडलं तर त्याला पाणी देऊन मैदानावर पाठवत असू.

तरी जाईन. रिकाम्या हाताने दुकानात काय बसायचं, म्हणून आपली गादी पिंजायला नेतो. तुझी आई भांडायला उठली आहे. म्हणते, ‘गादी बठ्ठी चांगली शे, कापूस अजून मऊ शे.’ हिला काही समजावून सांगता येत नाही.

जावईबापूंना नमस्कार, पुनमला आशीर्वाद. रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझा,
नाना


चोपडा,
दि. २ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप नानांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी पुनमवर विनाकारण खेकसले. चष्मा नाकावर असतो नाना, तो सगळ्या गावाला दिसतोच. तौसिफने मला जे सांगितलं ते त्याने एका माणसाला सांगितलं होतं. ते सरांनी सगळ्या शाळेला वाटलं. पेढे वाटावेत तसं!

शिक्षकांच्या बैठकीत मी हे बोलले. देसले सरांना फार लागलं. म्हणाले, आम्ही मुलाचं कौतुक केलं आणि तुम्ही त्याला चोरासारखं लपवायला सांगता, लपवण्यामुळेच तर या गोष्टींची लाज वाटते. बोलणं ऐकायला किती छान आहे बघा. कामिनी मॅडम बैठकीत चहाच्या कपात बघत राहिल्या आणि बाहेर आल्यावर माझा हात दाबून म्हणाल्या की तुमचं बरोबर आहे. मला तो हात झटकावासा वाटला.

निर्णय काय झाला, तर यापुढे टाळ्या वाजवायच्या नाहीत. नावं मात्र वाचायची! आणि पोळ्याच्या सुट्टीनंतरही तौसिफ आला नाही, तर त्याचं नाव पटावरून कमी करायचं. यावर कळस म्हणजे अठरा तारखेला मला जळगावला प्रशिक्षणाला पाठवतायत. विषय, विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य.

गादीचं काय झालं? तो बोलला का? लवकर लिहा. वडिलकीचा हात पाठीवर असू द्या, सध्या त्याची गरज आहे.

तुमची,
मोहिनी


शिंदखेडा,
दि. २० ऑगस्ट २०२५

चि. सौ. मोहिनीस,
अ. उ. आ.

उशीर झाला, कारण अर्धवट लिहायचं नव्हतं.

मी तुझा बाप आहे हे दुकानात पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते ऐकताच पोरगं उठून मागच्या खोलीत गेलं. मी बसून राहिलो. पिंजायच्या यंत्राचा गोंगाट आणि सगळीकडे उडणारा कापूस, म्हणून मशीन कानातून काढून खिशात ठेवायचो. मग मला तोफही ऐकू येत नाही. गादी झाली, मग उशा नेल्या, मग लोड नेले. तुझी आई म्हणते की आता घरात भरण्यासारखी एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे तुमचं डोकं.

लोड शिवायची वेळ आली तेव्हा तौसिफ माझ्याशेजारी आला. नूर महंमद यांनी नंतर सांगितलं की त्याने आधी पाठीमागून मला दोनदा हाक मारून पाहिली होती. मी वळलो नाही, तेव्हा तो बसला आणि सुई चालवत बोलायला लागला. माझ्याकडे न बघता, बराच वेळ बोलला. मधेच सुई थांबली, बाहीने डोळे पुसले, पुन्हा बोलला. मोहिनी, मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. आणि मला कळलं, म्हणूनच तो बोलत होता. जे बोललं ते कुठे जाणार नाही, एवढी एकच गोष्ट त्या लेकराला हवी होती आणि ती त्याला शाळेत मिळाली नाही, बहिऱ्या म्हाताऱ्यापाशी मिळाली. चष्म्याचं मी जे लिहिलं होतं ते परत घेतो. त्या रात्री मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही.

आता रागावू नकोस. तू जळगावला होतीस त्याच दिवशी मी शिरपूरच्या गाडीने चोपड्याला येऊन गेलो. तू असतीस तर मला फाटकातूनच परत पाठवलं असतंस. देसले सरांनी मान दिला, चहा मागवला. मधली सुट्टी होती, दार सताड उघडं, बाहेर पोरं, शिपाई, शिक्षक. मशीन खिशात होतं, आणि ऐकू येत नसलं की माझा आवाज किती चढतो ते तुला माहीत आहे. मी विचारलं, सर, चेहरा उतरलाय, झोप लागते का? गोळी घ्यावी लागते का? घरी कटकट आहे का? एकटे असताना रडू येतं का? व्हरांड्यातली वर्दळ थांबली. खिडकीत डोकी दिसायला लागली. सर घाईघाईने उठले, दार लावलं, वरून कडीही घातली.

मग मी मशीन कानात घातलं आणि हळू आवाजात सांगितलं की त्या पोरासाठी एवढं एक दार मागायला आलो होतो. निघताना शब्द दिला की कोणाचंही नाव माइकवर येणार नाही, आणि पटावरूनही जाणार नाही. तो शब्द मी तौसिफला जसाच्या तसा पोचवला. तो मान खाली घालून शिवत राहिला. येईल की नाही, सांगता येत नाही.

घरात आता लोडच लोड झालेत, दोन घेऊन जा. म्हाताऱ्यावर जीव असू दे.

तुझा,
नाना


चोपडा,
दि. २६ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप नानांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही माझ्या पाठीमागे शाळेत येऊन गेलात हे मला शिपायाने, कामिनी मॅडमनी आणि सातवीच्या अख्ख्या वर्गाने सांगून झालं होतं. भांडायचं ठरवलं होतं. ते राहू द्या.

काल तौसिफ आला. रहिमाबी त्याला फाटकापर्यंत सोडून तिथेच उभी राहिली. परिपाठात देसले सरांनी वाढदिवस वाचले आणि माइक खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. मधल्या सुट्टीत एका पोराने खोटी धाप टाकलीच. मी त्याचा कान धरणार होते, पण तौसिफ तिथून सरळ माझ्या खोलीकडे निघाला, म्हणून मी त्याच्या मागे गेले.

तो उंबऱ्यावरच थांबला. त्याने विचारलं की त्या दिवशी त्याचं नाव वाचणार आहेत हे मला आधीपासून माहीत होतं का. मी सांगितलं, नाही, अल्लाची शपथ घे म्हणालास तरी घेते, मला माहीत नव्हतं. त्याने मान हलवली. त्याला खरं वाटलं, हे मला दिसलं. मग त्याने विचारलं की नाव वाचायला सुरुवात झाली तेव्हा मी माइकच्या बाजूलाच उभी होते, तर मग थांबवलं का नाही.

नाना, महिनाभर मी देसले सरांना बोलले, कामिनी मॅडमना बोलले, तुम्हालाही सोडलं नाही. पण वेळेवर, त्या माइकपाशी, तोंड उघडलं नव्हतं. तो वाट बघत होता. शेवटी मीच म्हटलं की मी थांबवायला हवं होतं. तेव्हा तो आत आला आणि बसला.

आईला नमस्कार. दोघांचा लोभ आहेच, तो या पोरावरही असू द्या.

तुमची,
मोहिनी