फरशीवर पाय आपटून

आबा, लोणावळ्यात दोन खोल्या बघून आले आहे. बंगल्यांच्या बाजूला नाही. आपण राहायचो त्या रेल्वे क्वार्टर्सच्या मागे चढ आहे ना, त्या चढावर, जिथून यार्ड दिसतं. वरचा मजला. घरमालकीणबाई खाली राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांना उद्या हो किंवा नाही सांगायचं आहे, आणि आयुष्यभर मैदानं भरून माणसांसमोर हो आणि नाही ठणकावून सांगणारी तुमची मुलगी दोन दिवस गप्प बसली आहे. तुम्ही असता तर माझ्या ओठांकडे बघत म्हणाला असता, "बोल की बाई. दातखीळ बसली का?"

धाकट्यानं गावी, परंदवडीत, घराला लागून माझ्यासाठी खोली बांधली आहे. खिडकी शेताकडे. माझे गुडघे दुखतात म्हणून दाराला उंबरासुद्धा ठेवला नाही त्यानं. लोणावळ्याचं सांगायला फोन केला तर म्हणाला, "आक्का, ह्ये बांदलं कुनासाटी? घर असून तू चाललीस टुरिस्टांच्या गावात. लोक म्हनतील, भावानं ठिवली न्हाई." मी म्हटलं, लोकांचं काय ऐकतोस. "लोकांचं न्हाई, तुजंच ऐकतोय. स्टेजवरनं कोन सांगत हुतं, गाव सोडू नका, ज्यांनी भायेर ठिवलं त्यांच्या मधोमध घर बांदा? म्या बांदलं. आन् आता तूच पळालीस." सभेत कुणी असं उठून विचारलं असतं तर मी त्याला उत्तर देऊन खाली बसवलं असतं. भावाला मात्र पिकाचं विचारून फोन ठेवला. त्या भाषणातला एकही शब्द मी आजही मागे घेत नाही. आपल्या माणसांनी गावातच राहावं, ताठ मानेनं राहावं, हे मी मरेपर्यंत सांगेन. तरी मन लोणावळ्याकडे ओढतं, आणि का ओढतं ते त्याला फोनवर सांगता येईना. चळवळीतली माणसं तर हसतातच. "ताई, आता चिक्की खात धुकं बघणार वाटतं." मी डॉक्टरचं नाव पुढे करते. घसा गेला आहे, कमी बोलायला सांगितलं आहे, तिथली हवा चांगली. हे सगळं खरं आहे, पण कारण ते नाही.

आपल्या घरात पाठमोरं कुणी बोलायचं नाही, हा नियम. घाट चढून आलेल्या गाड्यांची मागची इंजिनं सोडवता सोडवता तुमचे कान गेले, तेव्हा रेल्वेनं तुम्हाला रुळांवरून काढून रनिंग रूममध्ये लावलं, ड्रायव्हर-गार्ड लोक विश्रांतीला यायचे तिथे. तुम्ही चहा करायचात, चादरी बदलायचात, आणि घरी आलात की दाराशी बसायचात. तुम्हाला हाक मारून उपयोग नसे. आई फरशीवर बत्ता ठोकायची, आम्ही पाय आपटायचो. धक्का पोचला की तुम्ही वर बघायचात, आणि तुम्ही बघितल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून आई कपडे वाळवते आहे, घरभर धुराचा वास आहे, मी शाळेतली गोष्ट तुम्हाला सांगते आहे, एकेक शब्द सुटा करून, हातवारे करून, आणि तुम्ही माझ्या ओठांवरून ती उचलता आहात. मला वाटायचं, सगळ्या घरांत असंच बोलतात.

मग विहारापुढच्या पटांगणात जयंतीची सभा झाली. मी कॉलेजात होते, पहिल्यांदाच स्टेजवर. समोर गोंगाट, पुढच्या सतरंजीवर तुम्ही. मी काहीएक विचार न करता फळ्यांवर जोरात पाय आपटला. सगळं पटांगण गप्प झालं. पुढं त्याची कथा झाली. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला संताप म्हटलं, पोरी माझी नक्कल करू लागल्या. त्या दिवशी टाळ्या खूप पडल्या, आणि मी हवेत घरी आले. तुम्ही जेवायला बसला होतात.

"चांगलं बोललीस म्हनं," तुम्ही म्हणालात.

"म्हनं म्हणजे?"

"मला कुटं कळलं? पाय आपटून बोलावलंस, आन् मग माइकात त्वांड घालून बसलीस. व्हटच दिसंनात."

आई हसली. मला रडू आलं. पण तेव्हापासून माइक हनुवटीच्या खाली, आणि सुरुवातीला पुढच्या रांगेतल्या एका चेहऱ्याकडे बघायचं. तुम्ही गेल्यावरही मी तो चेहरा शोधतच राहिले. लोक ऐकतात आबा, पण माझ्या ओठांकडे तसं कुणी बघत नाही.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि तुम्ही परंदवडीला आलात. तक्रार कधी केली नाहीत. पण क्वार्टरमध्ये तुम्हाला एक सवय होती. गाडी आली की नाही ते तुम्ही भिंतीला तळहात लावून ओळखायचात. मी सुट्टीला गावी आले की बघायची, संध्याकाळ झाली की तुम्ही उठताय, भिंतीला हात लावताय, थोडं थांबताय, आणि हात काढून घेताय. "काय करताय?" आईनं एकदा विचारलं. "गिलावा बघतोय," तुम्ही म्हणालात. परंदवडीची भिंत काही बोलत नव्हती. त्या वरच्या मजल्यावर परवा मालकीणबाई पावसाळ्याबद्दल सांगत होत्या, "पुस्तकं असतील तर विचार करा हो, इथं बुरशी धरते," आणि मी उगाच भिंतीला टेकले. घाटातून गाडी वर आली होती. भिंत थरथरली.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. सकाळी धाकट्याला पुन्हा फोन केला. भिंतीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गिलावा. व्हय, मलाबी आटवतंय." मग मी म्हटलं, तुझी खोली रिकामी राहणार नाही, माझी सगळी पुस्तकं तिथे येतील, आणि गावातल्या कुणालाही, ज्यांनी बाहेर ठेवलं त्यांच्या पोरींनासुद्धा, आत बसून वाचता आलं पाहिजे.

"म्हंजे तू न्हाई, तुजा पसारा येनार."

"पुस्तकं म्हणजे मीच रे."

"मंग बरं हाय. त्यास्नी जेवायला घालाया लागत न्हाई." मग म्हणाला, "रव्वारी येत जाशील न्हवं? उंबरा न्हाई ठिवलेला."

येईन म्हटलं. दुपारी लोणावळ्याला जाऊन किल्ली घेतली आणि इथेच जमिनीवर बसून उरलेलं लिहिते आहे. हे कुठे पाठवायचं नाही, घडी घालून ठेवायचं. एवढं मात्र सांगते. मघाशी दार लोटून घेतलं, तोंड दाराकडे केलं, तुम्ही बसायचात तिकडे, आणि फरशीवर जोरात पाय आपटला. आणि थांबले. खालून मालकीणबाईंनी विचारलं, "अहो, काही पडलं का?"

"खुर्ची," मी म्हटलं.

खोलीत अजून खुर्ची आलेली नाही, आबा.