डावा खांदा

मंगळवार, संध्याकाळ

टक्! शाळेत कविता म्हणायला उभं राहिलं, की गुरुजींची छडी टेबलावर वाजायची. "खांदे सरळ!" तेव्हा तरी ताठ होतो ना मी?

सूनबाई म्हणते, "बाबा, डावा खांदा पडलाय तुमचा. एकटे फिरायला जाऊ नका." मला आरशाचाच संशय. म्हणून टाचा, पाठ, डोकं भिंतीला टेकवून खांद्यांपाशी खडूच्या खुणा केल्या. डावी बोटभर खाली. फरशीला उतार असेल? दुसरी भिंत धरली. तिथेही डावीच खाली! भिंतीही सूनबाईला फितूर?

तेवढ्यात बेल वाजली. सातपूरच्या कारखान्यातून मुलगा, शिफ्ट संपायच्या आधीच! "बाबा, पाठीला चुना कसला?" डबा ठेवायला तो वळला.

त्याचाही डावा खांदा बोटभर खाली.

सूनबाईला म्हणावं, आता दोघांनाही घरात बसव.