खालचा सूर

पिंपरी, ता. ९ ऑक्टोबर १९५५

प्रिय इब्राहिम,

भैरूचा सलाम. तुझं पत्र मिळालं. व्हिसा झाला हे वाचून आधी आनंदच झाला.

मी खुशाल आहे. औषधाचा कारखाना सुरू झाल्यापासून इथल्या माळावर लख्ख दिवे असतात. मी तिथेच ट्रक चालवतो. शेजारी चांगले आहेत, पण कुणाशी बोलावंसं वाटत नाही. पलटणीत तुझ्या घोरण्याला शिव्या देत झोपायची सवय लागली, ती अजून सुटली नाही बघ.

परवा ट्रकमध्ये ग्रीसचं ते गाणं आठवलं. लढाईत त्या डोंगरगावी आपला मुक्काम होता, तेव्हा आधी लग्नात ऐकलं आणि मग मयतीलाही तेच! तू म्हणालास, बायका चुकल्या. मग म्हाताऱ्या लेनीनं खुणांनी समजावलं. पोरगी सासरी जावो, लेक परमुलखी जावो की माणूस मरो, चाल एकच. एकीनं ओळ सुरू करायची, दुसरीनं उचलायची, बाकीच्यांनी खाली एकच सूर धरून ठेवायचा. तू सगळं गाणं पटकन उचललंस. मला मात्र खालचा सूर दिलास, माझा गळा रेड्याचा म्हणून.

तू कराचीला गेल्यापासून मी दर रविवारी एस.टी.नं चाकणला तुझ्या आईकडे जायचो. "इब्राहिमचं गानं म्हन," म्हणायची मदिनाचाची. मी नुसता हूं हूं करत बसायचो. तिला तेवढं पुरायचं. वरचं तिला आपोआप ऐकू येत असावं. एकदा लेनीचं सांगितलं, तर म्हणाली, "खरं हाय बाबा. मेल्यालं मानूस कुठं हाय ते ठावं तरी असतं. परमुलखी गेल्याचं काय सांगावं?"

किती लांबण लावतोय मी. चाची गेली, इब्राहिम. तापाचं निमित्त झालं. मातीला मी होतो. घरी परतलो तर तुझं पत्र दारात पडलेलं.

आता तू यायचंच रद्द करशील, या भीतीनं हे लिहवत नव्हतं. मला तरी इथे दुसरं कोण आहे?

लेनीच्या गावात बायका मेलेल्या माणसाला घरची खबर सांगायच्या, आठवतं? मीही कबरीपाशी बसून तुझं पत्र वाचून दाखवलं. इब्राहिम येतोय, असं सांगून बसलोय तिला. मग गायला लागलो. पण मला येतो तो फक्त खालचा सूर. तोच धरून बसलो, दम संपेपर्यंत. वर कुणीच नव्हतं.

व्हिसा फाडू नकोस. गाणं तुझ्याकडे आहे.

सूर धरून बसलेला,
तुझा भैरू