पाठीचा स्कोअर

३ जून, सकाळ
प्रतिमा पुण्याला लेकीकडे जाऊन आज दोन महिने झाले. जाताना म्हणाली, अहो, तीन वर्षं या घरात तुमच्या पाठीशिवाय दुसरा विषय नाही, आता मला जरा श्वास घेऊ द्या. बायका रागात बोलतात. पाठ बरी झाली की येईलच.

आजपासून सीबीटी, म्हणजे बोलून करायचा उपचार. डॉक्टर म्हणाले, एमआरआयमध्ये विशेष काही नाही, पण दुखणं खरं आहे. विचार आणि सवयी बदलून कमी होईल. थेरपिस्ट संहिता, यशवंतपूरची, इथल्याच जुन्या मराठी घरातली, बोलताना मधेच कानडी शब्द येतात. मला अण्णा म्हणते. रोज दुखण्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. सध्या आठ. सहा आठवड्यांत तीनवर आणणार. छत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, आकडे खाली आणायला मला कोणी शिकवू नये.

९ जून, रात्रीच्या जेवणाआधी
रोज वीस मिनिटं चालायचं ठरलं होतं. मंगळवारी लिफ्ट बंद. बुधवारी चालू, पण भरवसा नाही. नंतर सवय मोडली.

आठवड्याचे आकडे आज एकदम भरले. ८, ७, ७, ६, ६, ५, ५. ऑडिटच्या आदल्या दिवशी असंच करायचो. पेनंही वेगवेगळी वापरली.

१० जून
संहिता म्हणाली, अण्णा, दुखणं इतक्या शिस्तीत उतरत नाही हं, स्वल्प, म्हणजे जरा, खरं लिहा. मीही कानडीतच सरी, बरं, म्हटलं.

मग नवा तक्ता दिला. मनात सारखा येणारा विचार, त्याच्या बाजूचे पुरावे, विरुद्धचे पुरावे.
विचार: प्रतिमा परत येणार नाही.
बाजूचे: फोन नेहमी मीच करतो. एप्रिलमध्ये गेली, तरी स्वेटर घेऊन गेली.
विरुद्ध: कुकर इथेच आहे.
वाचून संहितानं कुकरखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. पटलं असावं.

२४ जून
सहा दिवस खरोखर चाललो. आजचा खरा आकडा पाच. प्रतिमाच्या बाजूची गादी उन्हात घातली. पुण्याला जाऊन तिला घेऊन यावं असं वाटतं, पण इतक्या प्रवासात पाठ धरेल. चार झाला की फोनवरच सांगतो. ती येईल.

७ जुलै
आकडा चार. फोन केला. प्रांजलीनं उचलला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन गुरुवारी झालं, म्हणाली. मला का नाही कळवलं विचारलं, तर म्हणे, बाबा, आईच नको म्हणाली. तुम्ही काळजी केलीत की तुमची पाठ जास्त दुखते ना.

मग प्रतिमाला दिला. आवाज बारीक झालाय. तिनं आधी पाठीचंच विचारलं. चार आहे म्हटलं. सकाळी ताठ असते, चाललं की सुटते, उजवीकडे वळताना अजून कळ येते. ती हं, हं करत होती. वीस मिनिटं बोललो. नर्स आली म्हणून तिनं ठेवला.

चहा टाकताना लक्षात आलं, कुठला गुडघा, तेही मी विचारलं नाही. चौतीस वर्षं संसार केला आणि मला तिचा दुखरा पाय माहीत नाही. लाज वाटली, रडूही आलं. लगेच परत फोन लावला.

प्रांजली म्हणाली, बाबा, आई दमून झोपली.