आरशातली पाठ

प्रिय मोजणीसाहेब,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिसऱ्यात नुसतं 'कधी येतेस?' एवढंच होतं. दरवेळी मी दुकानाचं कारण पुढे केलं, ते धडधडीत खोटं होतं. बदलीच्या गावी तुझ्या नव्या ऑफिसातल्या मंडळींसमोर ही पिंपासारखी बायको घेऊन तू उभा राहणार, या विचारानेच मला नको नको व्हायचं. मंडळींचं सोड, दोन वर्षं मी तुझ्यासमोरही कपडे बदललेले नाहीत.

मंगळवारी सुताराने दुकानात तीन बाजूंचा आरसा बसवला. एका गिऱ्हाइकाचा, मागे खोल गळ्याचा झगा शिवून झाला होता. तिचं-माझं माप एकच, म्हणून दुपारी शटर ओढून तो अंगावर चढवला. तोंडात टाचण्या धरून खाली वाकले, घेर टाचला, मान वर केली तर बाजूच्या आरशात कुण्या बाईची पाठ. रुंद खांदे, मधोमध खोल पन्हळ, मानेवर दोन पिकल्या बटा. तीस वर्षं पाठी मापतेय, इतकी ऐटदार पाठ क्वचित बघितली. मनात म्हटलंसुद्धा, नशीबवान आहे बया, हिला काहीही शोभेल. मग तोंडातली टाचणी काढायला मी हात वर केला, तर तिनेही केला.

मी थिजलेच रे. बावन्न वर्षांत स्वतःची पाठ कधी धड पाहिलीच नव्हती. दोन्ही पोरांना पाठुंगळी घेतलं, जन्मभर मशीनवर वाकले, ती ही पाठ? लाजत नाही, सरळ लिहिते, मी फार सुंदर दिसत होते. अर्धा तास वळून वळून बघत राहिले, डोळे भरून आले. रस्त्याने तू कायम चार पावलं मागे रेंगाळतोस म्हणून मी किती तणतणायचे. लबाडा, तुला हे ठाऊक होतं आणि एका शब्दाने बोलला नाहीस.

दुकान महिनाभर धाकट्या जाऊबाईंवर सोपवलंय. शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. मला हल्ली घाम येतो, नीट झोप लागत नाही, म्हणून पत्रात लिहिलंस तसा माझ्यासाठी वेगळा पलंग बघून ठेवलायस ना? तो घेऊ नकोस.

तुझीच,
शिंपीणबाई