तीन बाराची नोंद

प्रिय छोट्या,

इंटरनेटची वायर काढून मी ती इस्त्रीच्या कपड्यांखाली लपवली, तेव्हा कुठे खुर्चीत टेकले. आता बघू कसा आत शिरतोस, असं मनाशी म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद पुन्हा हजर. तीन बाराला सुरू, तीन पन्नासला बंद. कामाचं नाव, छोट्या.

आठ दिवस हे चाललं होतं. कॉम्प्युटरवर तू बसवून दिलेली ती वेळ मोजायची काळी खिडकी एव्हाना माझ्या सवयीची झाली आहे. 'सुरू' लिहायचं, पुढे कामाचं नाव, संपलं की 'थांब'. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा अनुवाद करताना कशात किती वेळ जातो ते कळतं, हे खरं. पण त्या यादीत 'बाबा' घालायला सांगितलंस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याआधीच्याच आठवड्यात तू फोनवर वृद्धाश्रमाचा विषय काढला होतास. ताई, तुला एकटीला झेपत नाहीये, आपण आकडेच बघू ना, म्हणालास. म्हणजे आकडे तुझ्या हातात गेले की बाबा माझ्या हातून गेले.

म्हणून, बाबांना मी भरपूर वेळ देते असं दिसावं यासाठी, मी लबाडी केली. अनुवाद करत बसायचे आणि 'बाबा' चालू ठेवायचे. रोज तीनला फिरायला बाहेर पडतानाही 'बाबा' चालूच. परत येऊन पाहावं तर ते तीन बाराला थांबलेलं आणि खाली तुझं नाव. नवं काम सुरू केलं की जुनं आपोआप थांबतं, हे तूच शिकवलं होतंस. मला वाटलं, मी घरात नाही हे तुला तिथे बसून कळतं आणि मला पकडलंस की तू खाली सही करतोस. चोर सही करत नाही, पण तू तेवढा आगाऊ आहेसच. मग शेजारणीचाही संशय आला. तिच्याकडची घराची किल्ली मी परत मागितली. तिने किल्ली दिली आणि दार लावून घेतलं.

आज सव्वातीनपर्यंत जिन्यात उभी राहिले आणि चपला हातात घेऊन परत वर आले. माझ्या खुर्चीत बाबा होते. चष्मा कपाळावर, पाठ ताठ, अजूनही ऑफिसातल्या टायपिस्टसारखी. समोर 'सुरू छोट्या'. आणि ते त्या खिडकीशी बोलत होते. गुडघा बरा आहे. ताई फार बारीक झाली आहे, तिला रागावू नकोस. मी दिसले तेव्हा दचकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, अगं, त्यानेच बसवलंय ना हे? तू रोज 'बाबा' लिहितेस आणि तासन्‌तास माझ्याशी एक शब्द बोलत नाहीस. मला वाटलं, इथे असंच बोलतात.

तुला हवी होती ती यादी सोबत आहे. तिच्यातले 'बाबा'समोरचे तास धरू नकोस. 'छोट्या'समोरचे तेवढे खरे आहेत. काय ठरवायचं ते इथे येऊन त्यांच्यासमोर ठरव. त्या खिडकीतून तुला काही ऐकू जात नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. माझ्याच्याने ते होणार नाही.

तुझ्यावर डोळा ठेवून बसलेली, तुझीच,
ताई

ता. क. हे दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिते आहे. शेजारणीला किल्ली नेऊन दिली. मग 'सुरू बाबा' लिहिलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. अकरा मिनिटं बोललो. मग मी 'थांब' लिहिलं.